चौथं की पाचवं न्हाण

डबीत सासूबाईंचे दात होते. स्टीलची चपटी डबी, झाकणावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेली, ती अर्धी घासून गेलेली — आणि ती मांडीवर ठेवून तेजस्विनी जरा इकडची तिकडे झाली की आत कवळी सरकल्याचा बारीक आवाज येई. रोज कवळीखाली रुमालाची घडी असे, आज घडी घरी राहिली होती. शेवटच्या दिवशीच नेमकी. डबीशेजारी सासूबाईंचा चष्मा, ओढणीच्या टोकाला गाठ मारून व्हॅनची किल्ली, डाव्या हाताशी नवऱ्याचं घड्याळ, दोन मोबाइल, कोरड्या कपड्यांच्या दोन पिशव्या, पोह्यांचा डबा, चपला... सगळं घर वाळूवर तिच्याभोवती मांडलेलं, आणि घरातली माणसं पाण्यात.

सहा वाजून गेले होते, पण केरीच्या सुरूंमागून ऊन अजून वाळूवर उतरलं नव्हतं. इब्रामपुराहून ती सगळी अंधारात निघत, मागच्या सीटवर धाकटा रुद्रेश झोपेतच कोंबला जाई, कासारवर्ण्याला त्याला जाग येई आणि पेडण्याच्या पुढे समुद्राचा वास आला की तो आजीला ढोसू लागे. सुट्टीतली सहल म्हणायची तर हीच. तिचा नवरा अनंत एका औषधांच्या कारखान्याची बस चालवायचा, नऊला त्याची ड्युटी. त्याआधी जाऊन येण्यासारखं जगात दुसरं काय असणार? थोरल्या अंकिताच्या वर्गातल्या कुणी काश्मीर गाठलं होतं, कुणी बँकॉक. आमचं मात्र सोमवार ते शुक्रवार, खारं न्हाण. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले पाहुणे इतके पैसे मोजून येतात आणि दहाला उठतात. तोवर आम्ही समुद्र उष्टा करून घरी पोचलेलो असतो, हे अनंतनं एकदा म्हटलं होतं आणि तेव्हापासून दर सकाळी व्हॅन सुरू करताना तो ते नव्यानं सुचल्यासारखं म्हणे.

खारं न्हाण म्हणजे गंमत नव्हे, हे सासूबाईंचं म्हणणं. पावसाळ्याआधी खाऱ्या पाण्यात न्हायलं की सांधे धरत नाहीत, खरूज होत नाही, वर्षभराचं अंग मोकळं होतं. फक्त आकडा विषम हवा. तीन, पाच, सात. सम आकड्यावर थांबलं तर केलेलं सगळं उलटतं आणि आषाढात गुडघे दुप्पट दुखतात. दुपारपर्यंत अंगावर गोडं पाणी घ्यायचं नाही, केस भिजलेच पाहिजेत. असे सगळे कायदे विनोदिनीबाईंच्या तोंडी होते आणि ते मोडण्याची हिंमत अनंतच्या वडिलांनीही कधी केली नव्हती. गुडघ्यांसाठी म्हणून हे दरवर्षी चाले. त्या गुडघ्यांनी गेल्या रविवारी शिडी चढून परसातला फणस काढला होता, हे तेजस्विनीनं पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्ता त्या कमरेइतक्या पाण्यात होत्या. मरून रंगाचा गाऊन फुग्यासारखा वर आलेला, एक हात अनंतच्या हातात, दुसरा रुद्रेशच्या. लाट आली की तिघंही खाली बसत आणि वर येताना सासूबाई तोंड उघडून हसत. दात नसले की हे हसू अगदी तान्ह्या मुलासारखं दिसे. घरी हे हसू नसतंच. घरी नारळ फोडला तर करवंटीचा, पाव आणले तर त्या गोल उंड्यांच्या कडकपणाचा हिशेब, कुठं चला म्हटलं तर "माका खंय नेव नका, माझी मी बरी आसंय." देऊळ, धाकट्या बहिणीचं घर, आणि मेच्या या पाच पहाटा. एवढंच त्यांचं जाणं-येणं. वर्षभराचं बाहेर त्या पाच दिवसांत उरकून घेतात, असं तेजस्विनीच्या मनात आलं, आणि तिला त्यांचा एकदम लोभ वाटला.

"जा ना गो," ती शेजारी न पाहताच म्हणाली.

शेजारी अंकिता गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. बापाचा जुना शर्ट, तो घोट्यांपर्यंत ओढलेला. तेरा वर्षांची मुलगी. सोमवारी आणि मंगळवारी सगळ्यांच्या आधी पाण्यात पळालेली, बुधवारी तिच्या शाळेतली तीन-चार मुलं पळायच्या सरावाला याच वाळूवरून गेली, आणि गुरुवारपासून ही सुक्यावर. ओले कपडे अंगाला चिकटतात हे तिला या वर्षी कळलं होतं. तेजस्विनीला तेवढं समजत होतं, त्याबद्दल काय बोलायचं ते समजत नव्हतं.

"नको," अंकिता म्हणाली. "माका भीती वाटता पाण्याची."

"कसली भीती? परवा तर..."

"तुझ्यासारखीच. तुका नाय वाटत?"

यावर तेजस्विनीनं डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तोंडावर आलेलं उत्तर इतकं सवयीचं होतं की ते जवळजवळ बाहेर पडलंच होतं — वाटते गो, मला समुद्राची भीतीच वाटते पहिल्यापासून — आणि ते तिनं तोंडातच थांबवलं. कारण ते खोटं होतं. पंधरा वर्षं ती ते सांगत होती, आणि त्यात सुरुवातीपासून तसूभरही खरं नव्हतं.

लग्नानंतरचा पहिला मे. भाड्याचा टेम्पो, चौदा माणसं, दोन चुलतसासवा, स्टोव्ह, भांडी, आंब्यांची टोपली. बायकांनी बांगड्या, साखळ्या काढून एका पंच्यात बांधल्या आणि कुणीतरी विचारलं, हे सगळं कोण बघणार? सगळ्यांचे डोळे समुद्राकडे होते. ती नवी होती, लाटंबार्शाहून येऊन तिला तीन महिने झालेले, घरात कुठलं भांडं कुठं ठेवायचं ते अजून चुकत होतं, आणि तेव्हा तिला वाटलं की आपल्यासाठी एक जागा मोकळी झाली आहे, ती पटकन धरावी. मी बसते, ती म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण लोक आग्रह करतील, चल गो, बस काय एकटी, म्हणून तिनं पुढं जोडलं, मला पाण्याची भीती वाटते. कुणी आग्रह केला नाही. सासूबाईंनी पंच्याचं गाठोडं तिच्या ओटीत टाकलं आणि अभिमानानं सगळ्यांना सांगितलं, आमची सून भित्री. चौदा माणसांचं सोनं मांडीवर घेऊन ती बसली, आणि खरं सांगायचं तर तिला फार छान वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्या घरातली झाली.

फुकट मिळालेली जागा, मग सोडायची कशी... दुसऱ्या वर्षी अंकिता पोटात होती, पुढं मूल मांडीवर, पुढं दुसरं. सासरे गेले, चुलतसासवा थकल्या, टेम्पोची व्हॅन झाली, सोन्याच्या जागी मोबाइल आले. तिची जागा तीच. आता कुणी विचारतही नसे. व्हॅनमधून उतरताना जो तो आपापलं काय असेल ते तिच्या हातात देई, खुंटीला टोपी अडकवावी तसं, आणि पाण्याकडे चालू लागे.

आणि मला पोहता येत होतं. नुसतं येत नव्हतं. काजूच्या बागेखाली आमचा व्हाळ होता, त्या ओढ्यातला खोल कोंड मे महिन्यातही आटत नसे. वरची सोडण न काढलेले दोन सुके नारळ पोटाला बांधून योगेशदादानं मला त्यात ढकललं तेव्हा मी सात वर्षांची असेन, आणि दहाव्या वर्षी नारळ दादाच्या पोटाला बांधायची वेळ आली होती, इतका तो मागं पडायचा. काजूचे बोंडू पिकण्याच्या दिवसांत अंगाला चिकट वास, हातांना काजूचं तेल लागून कातडी सोललेली, आणि दुपारी सगळं त्या थंड पाण्यात सोडून द्यायचं. खाली जायचं, तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायचं. मूठ उघडून दाखवल्याशिवाय दादा मानायचा नाही. पाण्याच्या आत कान भरले की जो एक आवाज येतो, दूर कुणी दळणाचं जातं फिरवत असावं असा, तो मला आत्ता, या क्षणी, डबी मांडीवर घेऊन बसले असताना ऐकू येतो आहे.

तेजस्विनीनं मान हलवली. समोर रुद्रेश उताणा पडायचा प्रयत्न करत होता आणि पाणी गिळत होता. पोट वर, डोकं मागं सोड, कान बुडव, असं तिच्या ओठांवर आलं होतं. भित्र्या बाईनं हे कसं सांगायचं? पंधरा वर्षांत असं किती गिळलं. अनंतला उलटे हात मारता येत नाहीत. ते दोन मिनिटांत शिकवता आलं असतं.

पण तिला आपली कीव आली नाही, हेही खरं. तिला राग आला, तो या शेजारच्या मुलीनं आपली भीती उचलली याचा. जी भीती कधी नव्हतीच, ती घरात पंधरा वर्षं वापरून जुन्या लुगड्यासारखी मऊ झाली होती, कुणालाही खपेल अशी, आणि पोरीला काहीतरी अंगावर ओढून घ्यायची गरज पडली तेव्हा तिनं तीच ओढली. कपडे चिकटतात असं सांगायला लाज. भीती वाटते असं सांगायला काही लाज नाही, आई सांगतेच की. उद्या हिचं लग्न होईल, कुठल्यातरी पाण्यापाशी कुणीतरी विचारेल हे सगळं कोण बघणार, आणि ही म्हणेल... छे. मला हे चालणार नाही. बाकी काहीही घे माझं, माझ्या बांगड्या घे, माझं नाक तर घेतलंच आहेस. हे नको.

मग सांग ना. आत्ता सांग. आजचा शेवटचा दिवस. सोमवारपासून अनंतची पाळी बदलणार, पहाटेची, मग या वर्षीचा समुद्र संपला. पुढच्या वर्षी ही चौदाची, तेव्हा हिची भीती पक्की झालेली असेल.

पाण्यातून तिघं परत येत होती. सासूबाई पुढं, गाऊन पिळत, आणि दहा पावलांवरूनच त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "आजचा धरूचा नाय हां."

"कित्याक नाय?" अनंतनं विचारलं.

"केस भिजल्याशिवाय न्हाण होता काय? तू माका हात धरून वर काढलंस, डोक्यावरसून लाट गेली खंय?"

"आये, तुझ्या केसांतसून पाणी गळता."

"ता घामाचा."

रुद्रेश आजीच्या बाजूनं लगेच उभा राहिला. सोमवारचंसुद्धा अर्धंच झालं होतं, त्याला आठवत होतं. म्हणजे सगळी मिळून साडेतीन. अनंतनं कपाळावर हात मारला. पाच झाली, त्यानं बोटांवर मोजून दाखवली, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, उद्या आलो तर सहा होतील आणि तूच म्हणतेस सम आकडा वाईट. सासूबाईंचं म्हणणं, आज धरलं नाही तर चार झाली, आणि चारावर थांबलं तर पावसात त्यांना उचलून न्हाणीघरात न्यावं लागेल, कोण नेणार ते आत्ताच ठरवा. आणि मग, आईशी वाद घालून कधीच न जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं, अनंत बायकोकडे वळला.

"तेजू, तू सांग. तू सुकी बसलेली असतंस, तुका बरोबर म्हायत."

हे तिला नवीन होतं. पंधरा वर्षांत तिला सगळं सांभाळायला दिलं होतं, पण साक्ष कुणी विचारली नव्हती. तिनं वर पाहिलं. चष्म्याशिवाय सासूबाईंना चार हातांपलीकडचं धूसर दिसे; त्या डोळे बारीक करून तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या हनुवटीवरून समुद्राचं पाणी टपटप गळत होतं. त्या धूसर डोळ्यांत हुकूम नव्हता. शेजारणीचं पोर आणखी थोडा वेळ खेळू द्या म्हणताना जसं पाहतं, तेवढंच होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि तिला उद्या पुन्हा यायचं होतं, आणि ते तसं म्हणता येत नव्हतं. म्हणून गुडघे. म्हणून विषम. कोण जाणे, कुठल्या जुन्या सासुरवाशिणीनं ही विषम आकड्याची युक्ती काढली असेल, मोजणी चुकवली की आणखी एक दिवस मिळतो अशी... तेजस्विनीला एकदम हसू फुटलं आणि ते दाबताना तिचा आवाज जरा चिरका झाला.

"चार," ती म्हणाली.

"सांगल्यान ना तिना?" सासूबाई म्हणाल्या.

"चार कशी होतली?" अनंत म्हणाला, पण त्याचा आवाज आधीच पडला होता, आणि तेजस्विनीला वाटलं, तोही तसा नाखूश नाही. पेट्रोल काय खाऱ्या पाण्यातून येतं का, असं पुटपुटत त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला आणि रुद्रेशला घेऊन व्हॅनकडे गेला. सासूबाईंनी डबी घेतली, पाठ फिरवून दात बसवले, आणि पुन्हा वळल्या तेव्हा चेहरा घरचा झाला होता. उद्या वेळेवर उठा, आज उशीर केलात, पोह्यांत गूळ कमी पडलाय काय बघा, असं सगळं एका दमात सांगून त्या कोरडा गाऊन घेऊन सुरूंच्या आडोशाला गेल्या. चालताना त्या कुठल्याच पायावर लंगडत नव्हत्या.

उरल्या दोघी. अंकिता वाळू झटकत, चपला जोडीनं लावत होती. एक जोड झाली, दुसरी झाली.

"आई, पाच झालेली," ती म्हणाली. "मी मोजलंय."

"हां."

"मगे चार कित्याक सांगलंस?"

"आजीक उद्या येवचा आसा म्हणान."

अंकिताच्या चेहऱ्यावर एक नवी, मोठ्या माणसांसारखी छटा आली, आई खोटं बोलते आणि ते इतकं सोपं असतं हे कळल्याची. रागावलेली नव्हती ती. उलट जवळ सरकली होती.

"आणि काय काय खोटा सांगतंस?" तिनं हसतच विचारलं.

गमतीचा प्रश्न होता, गमतीत उडवून लावता आला असता. व्हॅनचा दरवाजा वाजला, रुद्रेश लांबून भूक लागली म्हणून ओरडत होता. तेजस्विनी पोह्यांचा डबा उचलत होती. तिनं तो पुन्हा खाली ठेवला.

"माका पोवूक येता," ती म्हणाली.

"खोटा."

"खरा. तुझ्या मामाक विचार. त्याच्यापेक्षा जोरात."

अंकिता तिच्याकडे पाहतच राहिली. आधी पायांकडे, मग हातांकडे, मग खांद्यांकडे, जणू हे असं अंगावर कुठंतरी दिसायला हवं होतं आणि आपल्या नजरेतून कसं सुटलं. "आणि भीती?" तिनं विचारलं.

"नाय. कधीच नाय. पहिल्या वर्षी तसाच म्हटला, मगे तसाच ऱ्हवला." याहून जास्त सांगायचं तर टेम्पोपासून सुरुवात करावी लागली असती, पंच्यातल्या गाठोड्यापासून; ते सगळं तिला एकदम सांगावंसं वाटलं आणि सांगता येईना. "तुका पण भीती नाय," ती एवढंच म्हणाली. "कपड्यांचा काय तर करूया. काळो जाड कुडतो आसा माझो, तो चिकटणा नाय."

मुलीचे कान लाल झाले. तिनं खाली पाहिलं, बोटानं वाळूत रेघ ओढली, पुसली. आई ओळखून होती याचा राग आला असावा, आणि ओळखून होती याचं बरंही वाटलं असावं. ते दोन्ही तिच्या त्या वाकलेल्या मानेत तेजस्विनीला दिसलं.

"तू उद्या गेलंस तर मी जातंय," अंकिता म्हणाली. "नायतर नाय." आणि उत्तराला न थांबता चपला काखेत मारून व्हॅनकडे पळाली.

तेजस्विनी एकटी उभी होती. वाळूवर आता ऊन उतरलं होतं, पाण्याचा रंग बदलत होता, रात्रीच्या कुठल्या होड्या परतताना दिसत होत्या. हिशेब तिनं मनात करून पाहिला: सांगितलेलं पाचवं उद्या, म्हणजे खरं सहावं, म्हणजे सासूबाई रविवारीही काढणार, सातवं. आणि तिचं स्वतःचं? शून्य. शून्य सम असतं, रुद्रेशच्या पुस्तकात होतं तसं. एक मात्र विषम. एकाच न्हाणात कायदा पुरा होत होता. तिला याचं हसू आलं, आणि हसता हसता तिनं लाटेकडे नीट पाहिलं, पंधरा वर्षांत पाहिली नव्हती तशी, पोहणाऱ्या माणसाच्या नजरेनं.

मोठी होती लाट. कोंडाचं पाणी गप्प असायचं, हे कुठं गप्प होतं? फुटताना खालची वाळू ओढून नेत होतं, मागच्या लाटेला पुढची आडवी येत होती. हात किती वर्षांनी मारणार आपण? तेवीस; अंकिताएवढी झाल्यावर कोंड सुटला होता. दम राहिला असेल? अनंत काय म्हणेल? सगळे किनाऱ्याकडे पाठ करून आपल्याकडे बघत राहतील... आणि नाहीच जमलं, नाकातोंडात पाणी जाऊन परत फिरावं लागलं, तर ती मुलगी बघत असेल. ती नकळत एक पाऊल मागं सरली. हे काय म्हणून तिनं क्षणभर शोधलं, आणि मग तिनं ते ओळखलं. भीती होती. खरीखुरी, साधी, पाण्याची भीती, वरच्या कातळावरून पहिल्यांदा कोंडात उडी टाकायच्या आधी वाटलेली. दादा खालून हाका मारत होता, आणि आपल्याला परत फिरायचं नाही हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

व्हॅनमधून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिनं डबा, पिशव्या, मोबाइल उचलले आणि निघाली, पण पाय वाळूत जरा रेंगाळत होते. इतकी वर्षं ही भीती तिनं सगळ्यांना सांगितली होती, आज ती पहिल्यांदा खरोखर आली होती, आणि तिला ती उद्या सकाळी पाण्यात उतरेपर्यंत जपून ठेवायची होती.